५७ मोत्यांचा सर आणि लॉकरमधली ११ वर्षं

मोती गाठवायचं काम मी बरीच वर्षं करतेय. तुटलेले सर येतात, दोरा सैल पडून लोंबायला लागलेले येतात, लहान मुलांनी ओढून तोडलेले येतात, त्यात लिहिण्यासारखं फार काही नसतं. हा सर मात्र तुटलेला नव्हता. हा जपून ठेवलेला होता, अगदी मनापासून जपलेला, आणि तरीही मोत्यांचं पाणी गेलं होतं. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढतेय. ज्या ताईंचा हा सर आहे त्यांना विचारूनच लिहितेय, नाव देत नाही.

ताई आल्या त्या एक झिपची प्लास्टिकची थैली घेऊन. जाड, मऊ, पारदर्शक, नव्या चादरी पॅक करून येतात ना तसल्या प्लास्टिकची. आत त्यांच्या आईचा मोत्यांचा सर, त्यालाच लागून एक खड्यांची ब्रोच, आणि कोपऱ्यात सिलिका जेलच्या सहा पुड्या. ताईंचं म्हणणं एवढंच होतं, "जरा पुसून चमकवून द्या हो, धूळ बसलीये."

थैली उघडली तर जुन्या रेनकोटला येतो तसा वास आला. सर बाहेर काढायला गेले तर एका बाजूचे मोती प्लास्टिकला हलकेच चिकटलेले होते, एकेक सुटताना टिक टिक असा बारीक आवाज येत होता, आणि तेव्हाच मला कळलं की ही धूळ नाही.

मग मी त्यांना बसवलं आणि सगळं विचारून घेतलं, कारण मोत्याचं नुसतं तोंड बघून काही कळत नाही, तो कुठे राहिला आणि कसा वापरला गेला हे कळल्याशिवाय हात लावू नये असं माझं ठाम मत आहे. आई जवळजवळ वीस वर्षं हा सर सारखा वापरायच्या. बाहेर निघताना आधी सर गळ्यात, मग मानेवर परफ्यूम. घरी आल्यावर काढून आरशाशेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवायच्या. आई गेल्यावर ताईंनी तो बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला. ११ वर्षं. मधे दोनदा लॉकर उघडला तेव्हा सर बाहेर काढला नाही, फक्त सिलिका जेलच्या पुड्या बदलून नव्या टाकल्या. "आईची वस्तू, दमट होऊन खराब व्हायला नको म्हणून," असं म्हणाल्या. त्या वाक्यावर मी लगेच काही बोलले नाही, कारण त्यांनी जे केलं ते प्रेमाने केलं होतं.

मग माझं लक्ष त्यांच्या कानाकडे गेलं. कानात मोत्याचे टॉप्स होते. विचारलं तर म्हणाल्या, सराबरोबरच घेतलेले, एकाच रंगाचे एकाच मापाचे मोती, आई गेल्यापासून मीच घालते, जवळजवळ रोज, रात्री काढून सुती रुमालात गुंडाळून कप्प्यात ठेवते. मी म्हटलं, ताई, जरा काढून द्या.

खिडकीशी टेबलावर पांढरा नॅपकिन पसरला, त्यावर टॉप्स आणि शेजारी सर. टॉप्सच्या मोत्यात खिडकीची चौकट दिसत होती, चारही रेघा स्वच्छ, मधला गज पण दिसत होता. सरातल्या बहुतेक मोत्यांत खिडकी म्हणजे एक पांढरट ढग. ताई वाकून बघत राहिल्या, आणि मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे घातलेले चांगले राहिले आणि ठेवलेले गेले?" अगदी तसंच नाहीये, ते पुढे येईलच, पण बरंचसं तसंच होतं.

मोती म्हणजे काय हे इथे थोडं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं सगळं नुसत्या सूचना वाटतील. आपण त्याला हिरे-माणकांच्या रांगेत बसवतो पण मोती दगड नाही. शिंपल्यातल्या जिवाने स्वतःच्या अंगातून एकावर एक चढवलेले थर आहेत ते. त्यात बहुतेक भाग कॅल्शियम कार्बोनेट, अरागोनाइट नावाच्या रूपातलं, त्याच्या बारीक बारीक चपट्या फरश्या, आणि त्या फरश्यांना धरून ठेवणारं काँकिओलिन नावाचं प्रथिन, शिवाय साधारण २ ते ४ टक्के पाणी. एकेक फरशी सुमारे अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीची, म्हणजे प्रकाशाच्या लहरीच्या लांबीच्या आसपासची, आणि म्हणून त्या थरांतून प्रकाश असा खेळतो की मोती आतून उजळल्यासारखा दिसतो. आपण ज्याला मोत्याचं पाणी म्हणतो ते हेच. म्हणजे पाणी जायला मोती फुटावा लागत नाही, वरचे एक-दोन मायक्रॉन खरवडले किंवा विरघळले तरी पुरे. डोळ्याला खड्डा दिसणार नाही, पण खिडकी दिसायची बंद होईल.

आणि कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे आम्लात विरघळणारच. घामसुद्धा आम्लधर्मीच असतो, परफ्यूम आणि हेअर स्प्रे तर थेट अंगावर उडणारे. त्यात कठीणपणा जेमतेम. मोहस्‌च्या १ ते १० च्या मोजपट्टीवर मोती २.५ ते ४.५ च्या मधे कुठेतरी, आपलं नखच २.५ च्या जवळ जातं, आणि साध्या धुळीत असतात ते वाळूचे कण, क्वार्ट्झ, ७.

सर वाचताना

आता मुख्य काम. सर सरळ खाच असलेल्या ट्रेमध्ये लावला, फाशापासून (फासा म्हणजे सराची दोन टोकं एकमेकांत अडकवायची कडी) सुरुवात करून मोत्यांना १ ते ५७ नंबर दिले, कागदावर ५७ गोल काढले आणि दहा पट भिंगाखाली एकेक मोती फिरवून जे दिसेल ते त्या गोलात लिहीत गेले. याला दीड तास लागला. मला हे काम फार आवडतं, कारण सर म्हणजे एक प्रकारची डायरीच असते, कुठला मोती गळ्यात कुठे होता आणि थैलीत कुठे होता हे त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं.

फाशाच्या दोन्ही बाजूंचे सात-सात मोती, म्हणजे १४, पिवळसर होते. हे मानेच्या मागे राहणारे, घाम सगळ्यात जास्त यांना, केसांचं तेल यांना, परफ्यूम पण यांनाच. वेजाच्या, म्हणजे मोत्याला पाडलेल्या आरपार छिद्राच्या, तोंडाशी पिवळेपणा जास्त गडद होता, कारण तिथला दोरा घाम आणि तेल पिऊन बसतो आणि सतत मोत्याला देत राहतो. तेव्हा वापराचं नुकसान झालंच नाही असं नाही. वीस वर्षं घालून न पुसता खिळ्याला लावलं त्याचं हे. पण गंमत म्हणजे या चौदामधल्या बऱ्याच मोत्यांत खिडकी अजून दिसत होती. रंग गेला होता, पाणी शिल्लक होतं.

मग ९ मोती, सलग नाही, तर जिथे सर वळून थैलीच्या एकाच भिंतीला टेकलेला होता तिथले. यांची फक्त एक बाजू मेलेली, जणू बारीक काचपेपर फिरवला आहे, आणि त्यावर चिकट पापुद्रा. मोती फिरवला की मागची बाजू ठीक. घामाने असं होत नाही, घामाने झालं असतं तर गळ्याला लागणारी बाजू सरसकट सगळ्या मोत्यांची गेली असती. हे थैलीनेच केलंय.

माझा भाऊ केमिस्ट्री शिकवतो, त्याला थैलीचा एक कोपरा कापून दिला. त्याने तांब्याची तार बर्नरवर लाल होईपर्यंत तापवली, त्या गरम तारेला प्लास्टिक टेकवलं आणि तार परत ज्योतीत धरली, तर ज्योत हिरवीगार. बाइलस्टाइन टेस्ट म्हणतात त्याला, प्लास्टिकमध्ये क्लोरीन आहे याची खूण, म्हणजे अशा मऊ थैलीच्या बाबतीत जवळजवळ नक्की पीव्हीसी. त्याने हे धूर ओढून नेणाऱ्या कपाटात केलं, घरी कुणी करू नका, धूर वाईट असतो. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखे पदार्थ घालतात, ते वर्षानुवर्षं पाझरत राहतात, तोच तो चिकटपणा. आणि प्लास्टिक जुनं होऊन खराब व्हायला लागलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटू शकतं, म्हणजे ओलावा मिळाला की थेट आम्लच. झिप बंद, रबरबँड वर, आत मोती. जायला वाटच नाही.

तिसरी गोष्ट, आणि मला सगळ्यात वाईट वाटलं ते हिचं. २३, ३८ आणि ४१ नंबरच्या मोत्यांवर वेजापासून निघालेल्या बारीक चिरा, केसापेक्षा बारीक, भिंगाखाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या. मोत्यातल्या त्या थोड्याशा पाण्यावर काँकिओलिन टिकून असतं, हवा अति कोरडी झाली की ते सुकतं, आकसतं, आणि थर तडकायला लागतात. वेजाची कड ही मुळातच कापलेली जागा, तिथून सुरुवात होते. बँकेचे लॉकर अनेकदा आधीच कोरडे असतात, त्यात बंद थैलीत सहा पुड्या, आणि त्या भरून थांबल्या असत्या तर एक वेळ बरं झालं असतं, पण ताईंनी दोनदा नव्या टाकल्या. ज्या काळजीपोटी टाकल्या तीच मोत्यांना बाधली. सिलिका जेल कॅमेऱ्याला चांगलं, लेन्सला चांगलं, चांदी काळी पडू नये म्हणून चांगलं. मोत्याजवळ नको.

उरलेले ३१ मोती एकंदरीत बरे, फक्त त्यातल्या काहींवर सरळ रेघा. ही ब्रोचची करामत. तिच्यातले पांढरे खडे हिरे असोत की झिरकॉन की नुसती काच, कुठलेही असले तरी मोत्याहून कठीणच, आणि तिची पिन तर स्टीलची. लॉकरचा डबा ओढताना-ढकलताना थैली हलली की झालं. एकदा हिऱ्याशेजारी मोती ठेवून बघा म्हणजे कळेल असंही मी कुणाला सांगणार नाही, इतका फरक आहे त्यांच्यात.

शेवटी दोरा. रेशमी, प्रत्येक मोत्यामागे गाठ, मुळात चांगलं काम. पण गाठी राखाडी पडलेल्या आणि गाठ व मोती यांच्यामधे फट. ७ मिलिमीटरचे ५७ मोती, मधल्या ५६ गाठी साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या, आणि दीड सेंटीमीटरचा फासा, हिशोबाने सर ४४ सेंटीमीटर भरायला हवा. पट्टीवर भरला ४६. हे दोन सेंटीमीटर म्हणजे खिळ्याला लोंबत काढलेली वीस वर्षं. फाशाजवळचा दोरा बोटाने नुसता जरा ताणला आणि तो तुटला, जोरसुद्धा लावला नव्हता. ताई दचकल्या. मी म्हटलं, इथे तुटला ते बरं झालं, रस्त्यात तुटला असता तर गाठी आहेत म्हणून एखाद-दोनच मोती गेले असते खरं, पण गेले असतेच.

काय नाही केलं

ताईंनी येण्याआधी दोन ठिकाणी विचारलं होतं. एका दुकानात सांगितलं, अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये टाकून देतो, पाच मिनिटांत चकाचक. आणि ओळखीतल्या कुणीतरी टूथपेस्टने घासायला सांगितलं होतं. ताईंनी दोन्ही केलं नाही याबद्दल मी त्यांचे अक्षरशः आभार मानले. अल्ट्रासॉनिकची थरथर त्या तीन मोत्यांच्या चिरा सरळ लांबवत गेली असती, वरून रेशमी दोरा भिजून आणखी सैल. स्टीमचंही तेच, उष्णता आणि मोती यांचं जमतच नाही. टूथपेस्ट दातावरचं कीटण घासायला केलेली असते, त्यात घासणारी पूड असते, दाताचं इनॅमल ५ च्या आसपास कठीण म्हणून ते टिकतं, मोती टिकत नाही. लिंबू, व्हिनेगर, अमोनिया, खायचा सोडा, यातलं काहीच नाही. आणि पिवळे १४ मोती पांढरे करून द्या म्हणाल तर घरात बसून तेही नाही. मोती बाजारात येण्याआधी अनेकदा हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळतात हे खरं आहे, पण ते तयारीतल्या लोकांचं, मोजून-मापून केलेलं काम आहे, जुन्या तडकू लागलेल्या मोत्यांवर मी तो प्रयोग करणार नाही, हे मी ताईंना तोंडावर सांगितलं. गेलेलं पाणी मी परत आणू शकत नाही, हेही सांगितलं. हे आधी सांगितलेलं बरं असतं. आशा लावून ठेवायची आणि मग वस्तू हातात देताना मान खाली घालायची, हे मला जमत नाही.

काय केलं

दोरा ओढून काढला नाही. जुन्या गाठी कडक झालेल्या असतात, ओढल्या तर वेजात अडकून कड फोडतात. दोन गाठींच्या मधे बारीक कात्रीने कापत गेले, वेजातला उरलेला तुकडा पातळ तारेने मागून ढकलून काढला. ४९ व्या मोत्याच्या वेजातून जो मळ निघाला तो काळपट पेस्टसारखा होता, वीस वर्षांचं तेल आणि घाम. प्रत्येक मोती आपापल्या नंबरच्या वाटीत.

धुणं अगदी साधं. कोमट पाणी, त्यात सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब, मोती आठ-दहा करून घालायचे, बोटांनी अर्धा-एक मिनिट फिरवायचे, स्वच्छ पाण्यातून काढायचे, मऊ सुती कापडावर. भिजत ठेवायचे नाहीत, वेजातून पाणी आत शिरून बसतं. हे सगळं भांड्यात करायचं, बेसिनच्या नळाखाली कधीही नाही, कारण मोती घरंगळून जाळीतून गेला की गेला. चिरा पडलेले तीन मोती मी धुतलेच नाहीत, नुसत्या ओलसर कापडाने वरून पुसले. चिकट बाजूच्या नऊ मोत्यांना दोनदा धुतलं, तेलकट पापुद्रा गेला, आणि त्याखालचं निस्तेजपण तसंच राहिलं. स्पिरिट किंवा नेलपॉलिश रिमूव्हरने तो झटकन गेला असता, पण तो मोह टाळायचा. मग पूर्ण एक दिवस सावलीत वाळू दिले. ऊन नाही, हेअर ड्रायर नाही.

वाळल्यावर परत खिडकीशी नेऊन बघितलं. ३१ पैकी बहुतेकांत चौकट दिसायला लागली होती, ढग जाऊन रेघा. टॉप्सइतक्या स्वच्छ नाहीत पण रेघा होत्या. ताईंना फोटो पाठवला, त्यांचा लगेच फोन आला, आणि फोनवर त्या बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत.

पुढे निर्णय घ्यायचे होते आणि ते माझे एकटीचे नव्हते. ताई परत आल्या, आम्ही ट्रे मधे ठेवून बसलो. मोती सगळे एकाच मापाचे असल्यामुळे जागा बदलता येत होत्या, लहानाकडून मोठ्याकडे जाणारा उतरता सर असता तर ही सोय नसती. पुढे छातीवर येतील तिथे ३१ पैकी सगळ्यात पाणीदार. निस्तेज नऊ दोन बाजूंना वाटून, त्यांची मेलेली बाजू गळ्याच्या दिशेने. पिवळे १४ जिथे होते तिथेच मागे. मोती दोऱ्यावर फिरतो, त्यामुळे बाजू कायम तशीच राहील याची हमी नाही, पण घट्ट गाठीमुळे बऱ्यापैकी राहते. चिरांचे तीन काढून ठेवायचे, कारण प्रत्येक मोत्यावर शेजारच्या गाठीचा दाब असतो आणि तो त्यांना सोसणारा नव्हता.

मग ताई म्हणाल्या, तीन नवे घालूया का? मी नको म्हटलं. नवे मोती पांढरेशुभ्र असतात आणि जुन्या सरात ते नव्या दातासारखे उठून दिसतात, शिवाय काही वर्षांनी त्यांचाही रंग बदलणार आणि तो शेजाऱ्यांशी जुळेलच असं नाही. त्यापेक्षा ५४ मोत्यांचा सर, दोन सेंटीमीटरने आखूड. "आईचेच सगळे," ताई म्हणाल्या, आणि तिथे विषय संपला.

गाठवताना रेशमी दोराच घेतला, दुहेरी. नायलॉन किंवा पॉलिस्टर कमी ताणतो आणि घामाने लवकर कुजत नाही हे मान्य आहे, रोज घालणाऱ्यांना मी तोच सुचवते, पण ७ मिलिमीटरच्या मोत्यांना रेशमाची गाठ जशी मऊ बसते आणि सर गळ्यावर जसा वळतो तसा दुसऱ्याने वळत नाही. प्रत्येक गाठ मोत्याला टेकेपर्यंत चिमट्याने सरकवायची, तिथे घाई केली की फट राहते आणि फट राहिली की मोती पुढेमागे घासत स्वतःच्याच वेजाने दोरा कापतो. फाशाच्या दोन्ही टोकांना दोऱ्यावर फ्रेंच वायर चढवली, स्प्रिंगसारखी बारीक नळी असते ती, म्हणजे दोरा थेट धातूला घासत नाही. तयार सर मोजला, बरोबर ४२ सेंटीमीटर.

ठेवायचं कुठे

यावर आमचं सगळ्यात जास्त बोलणं झालं. ताईंचं पहिलं वाक्य, "मग आता चांगली लाकडी पेटी घेते." मी थांबवलं. शंख-शिंपले जमवणाऱ्यांच्या जगात एक जुना त्रास आहे, लाकडी कपाटांच्या खणात ठेवलेल्या शिंपल्यांवर पांढरी भुकटी येते आणि ते हळूहळू खचत जातात. लॉफ्टस बाइन नावाच्या इंग्रज माणसाने १८९९ मध्ये यावर लिहिलं, म्हणून अजूनही त्याला बाइनचा रोग म्हणतात. त्याला वाटलं होतं की हे जंतूंमुळे होतं. पुढे कळलं की रोग वगैरे नाही, लाकडातून ॲसेटिक आणि फॉर्मिक आम्लाच्या वाफा निघतात, त्या बंद खणात साचतात आणि कॅल्शियम कार्बोनेट खातात. ओकसारखी लाकडं यात बदनाम आहेत, प्लायवूड आणि एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या) हेही वाईटच. मोती त्याच पदार्थाचा, त्यामुळे नव्या लाकडाच्या घट्ट झाकणाच्या पेटीत मी माझे मोती ठेवणार नाही, तर दुसऱ्याला कशाला सांगू.

ठरलं ते असं. जुनं, अनेकदा धुतलेलं, मऊ सुती कापड, त्याची दुहेरी पिशवी, तोंडाला नुसती नाडी. सर त्यात आडवा, अडकवायचा नाही. पिशवी एका पत्र्याच्या डब्यात, झाकण सैल, आत दुसरा कुठलाही दागिना नाही. ब्रोच वेगळी, टॉप्स वेगळे. डबा बेडरूमच्या कपाटात मधल्या खणात, जिथे माणसाला बरं वाटतं तशीच हवा असते, फार दमट नाही फार कोरडी नाही. म्युझियमवाले साधारण ५० टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता धरतात, घरात तेवढं नेमकं जमत नाही, पण हीटर, गीझर, ओव्हन, खिडकीचं ऊन यांपासून लांब एवढं जमतं. लॉकरमध्ये ठेवायलाच लागला तर कापडी पिशवीत ठेवा, जेल नको, आणि चार-सहा महिन्यांनी काढून एक दिवस घालून परत ठेवा, असंही सांगितलं.

आणि घालायचं. हे मी दोनदा सांगितलं. परफ्यूम, क्रीम, केसांचं सगळं आधी, ते सुकू द्यायचं, सर सगळ्यात शेवटी. घरी आल्यावर सगळ्यात आधी तोच काढायचा, जेमतेम ओलसर मऊ कापडाने एकेक मोती पुसायचा, मानेमागचे मोती विशेष, आणि दोरा कोरडा वाटेपर्यंत आडवा पसरून ठेवायचा. टॉप्स टिकले ते यामुळेच. ताईंना हे कुणी शिकवलं नव्हतं, पण रुमालात ठेवता ठेवता रोज त्यांचं आपोआप पुसणं होत होतं.

जाता जाता त्यांनी विचारलं, "मोती म्हणे शंभर-दीडशे वर्षांत मरतातच?" हे खूप जण विचारतात. मी त्यांना अबू धाबीजवळच्या मरावाह बेटावरचा मोती सांगितला. तिथे उत्खननात सापडलेला, ज्या थरात होता त्याचं वय कार्बनवरून इसवी सनापूर्वी ५८०० ते ५६०० निघालं, म्हणजे जवळजवळ ८००० वर्षं जुना, २०१९ मध्ये जाहीर झालं. फिकट गुलाबी, छोटासा, पण मोतीच. मोत्याला ठरावीक आयुष्य नसतं. आम्ल आणि घासाघीस मिळाली नाही तर तो राहतो.

१४ महिन्यांनी

ताई परत आल्या, यावेळी सर गळ्यात घालून. महिन्यातून चार-पाच वेळा घालतात असं म्हणाल्या. भिंगाखाली बघितला, नव्या रेघा नाहीत, पिवळ्या मोत्यांचा रंग होता तिथेच, फाशाजवळच्या दोन गाठी किंचित मळलेल्या. काढून ठेवलेल्या तीन मोत्यांची छोटी पुरचुंडी पण आणली होती, त्यात ३८ व्या मोत्याची चीर पूर्वीच्या फोटोपेक्षा थोडी लांब वाटली, बाकी दोन तशाच. म्हणजे एकदा तडकलेला मोती चांगल्या जागी ठेवूनही पुढे तडकू शकतो, हे मी माझ्यासाठी लिहून ठेवलंय. तिघांनाही आता स्वतंत्र कापडी पिशव्या शिवल्या.

मग सर खाचेच्या ट्रेमध्ये सरळ लावला आणि पट्टी ठेवली. ताई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. ४२ सेंटीमीटर आणि वर २ मिलिमीटर.

"वाढला का?"

"थोडा. रेशीम आहे, वाढणारच. अजून फट नाही पडली," म्हटलं, "पुढच्या वर्षी घेऊन या, परत गाठवू."